पोपटच्या पायाखालचा पदर

हे ऐकून तुमचा विश्वास बसायचा नाही, पैज लावा! बसा ओट्यावर, पोरांनो.

चैत्रात आपल्या ठाण्याच्या कोळीवाड्यातून एकवीरा आईची पालखी कार्ल्याला चालत जाते. डोंगर चढताना पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान वर्षानुवर्षं माझा, भिवाजीचा.

यंदा शिळफाटा ओलांडला आणि भर दुपारी डांबर असं तापलं, की रस्त्यावर बोंबील टाकला असता तर कडकडीत भाजून निघाला असता. चपला घालूनही लोक नाचत होते. आणि आपल्या आळीतला पोपट? अनवाणी! कडेकडेने, एकटाच, हसत.

“आई पुढे पदर अंथरते, मी पदरावरनं चालतो. जवळ येऊ नका रे, अंगात आईचा वारा आहे!”

“उदो उदो!” मोबाइल वर झाले. विसाव्याला बायांनी त्याचे पाय धुतले. एक फोड नाही! रांगेत पहिली कोण? आमची मनुबाई. उभ्या संसारात माझ्या पायांवर तिने कधी तांब्याभर पाणी ओतलं नाही!

त्यात पालखीचा म्होरक्या उत्तम म्हणतो, “भिवादादा, यंदा पुढचा खांदा पोपटला देऊ. आईने निवडलाय त्याला.”

“आईने, की मोबाइलवाल्यांनी?”

“दादा, जळू नका.”

मग काय! फेकल्या चपला, लागलो पोपटच्या मागे, नजर त्याच्या टाचांवर. आणि दिसलं! रस्त्याच्या कडेला नवाकोरा पांढरा पट्टा, आणि गड्याचं पाऊल त्याच्याबाहेर पडेना.

“पोपटशेठ, जरा मधे या की! आईचा पदर एवढा अरुंद कसा?”

“मधे... मधे आईची परवानगी नाही!”

दंडाला धरून ओढला डांबरावर. काय उडाला हो! जाळ्यातल्या कोळंबीसारखा! “मेलो, मेलो!”

मग सगळ्यांना हात लावायला लावला. एक तळवा पांढऱ्यावर, एक काळ्यावर. काळा रंग ऊन पितो, पांढरा परतवतो. म्हणून पट्टा कमी तापतो. एवढाच चमत्कार. आणि ‘जवळ येऊ नका’ कशासाठी? पट्टा मोकळा राहावा म्हणून! पोरांनो, देवीला खुशाल जा. पण कुणाच्या पायावर डोकं ठेवण्याआधी तो पाय कशावर ठेवलाय, ते वाकून बघा. स्वतः हात लावून बघा.

तर मी तसाच अनवाणी, डांबराच्या मधोमध चालत पनवेल गाठलं, आणि डोंगराशी पुढचा खांदा...

“खोटं! साफ खोटं!” आतून मनुबाई कडाडली. “टेम्पोत बसून आलेलात तुम्ही, सरबताच्या बर्फात पाय घालून! पोपटचे पाय धुताना तळव्याला लागलेला पट्ट्याचा पांढरा रंग मी पाहिला. त्याला डांबरावर ओढला मी. आणि पुढचा खांदाही यंदा मीच दिला! तेवढं सांगायला का जड जातंय?”