पत्र्याचा मासा आणि सासूबाईंची गांडुळं

सासूबाईंच्या बदकाचं आणखी एक पिल्लू तळ्यातल्या मरळीनं गिळलं, आणि त्या सकाळी लोहाराच्या घरात चुलीआधी भांडण पेटलं.

“गांडूळ लावा गळाला,” सासूबाई म्हणाल्या. “मासा धरायचाय, नवरदेव नटवायचा नाही.”

लोहार पत्र्याचा मासा कानशीनं घासत बसला होता. ऐरणीवर ठोकून, शेपटाला लाल चिंधी बांधून त्यानं तो स्वतः घडवला होता. सासूबाई मुलीकडं राहायला आल्यापासून त्याच्या हातचं काहीच त्यांना पसंत पडलं नव्हतं. विळा बोथट, कडी वाकडी, बिजागरी कुरकुरते. निदान ह्या माशानं तरी नाक राखावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

“आई, पिल्लं खाऊन माजलीय ती मरळ. गांडुळाकडं ढुंकूनही बघायची नाही. तिला पळणारं, चमकणारं पाहिजे.”

“पत्रा खायला ती काय भंगारवाली आहे?”

दोघं तळ्यावर गेले ते तोंडं फिरवूनच. सासूबाईंनी चिखलात फतकल मारली, गांडूळ ओवलं आणि काठी धरून गप्प बसल्या. लोहार पत्र्याचा मासा फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा. एकदा तो शेवाळात अडकला, एकदा सासूबाईंच्या अंबाड्यात.

“मोठी लागली का?” केस सोडवत त्यांनी शांतपणे विचारलं.

लोहाराचे कान तापले. तेवढ्यात सासूबाईंचं बूच बुडालं. बोटाएवढी मासोळी लागली होती. “बघा, गांडूळ ते गांडूळ,” म्हणत त्या ओढायला लागल्या, तोच खालून पाणी फाटलं. मरळीनं मासोळी गळासकट गिळली आणि सासूबाईंच्या हातची काठी हिसकून ती तळ्याच्या मधोमध चालती झाली.

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. लोहाराला ते बघवेना. त्यानं पत्र्याचा मासा गरगर फिरवून भिरकावला. नेम चुकला. पुन्हा भिरकावला, तो जाऊन काठीच्या दोरीत गुंतला.

“आई, माझी कंबर धरा.”

त्यांनी धरली. मरळ जावयाला ओढतेय, जावई सासूला. दोघं गुडघ्यापर्यंत रुतले, मग सपशेल आडवे झाले, पण कुणी सोडलं नाही. शेवटी मांडीएवढी मरळ काठावर येऊन आपटली.

वाटेत धोबी भेटला. “कशावर लागली?”

“गांडुळावर,” सासूबाई म्हणाल्या.

“पत्र्यावर,” लोहार म्हणाला, आणि घर येईस्तोवर तेच चाललं.

संध्याकाळी बायको वाढायला बसली, तर सासूबाईंनी तिच्या हातातला डाव काढून घेतला. पाठीकडचा सगळ्यात जाड तुकडा निवडून त्यांनी जावयाच्या ताटात घातला.

“खा. लागली गांडुळावरच,” त्या म्हणाल्या, “पण काढलीत तुम्ही.”

लोहाराच्या तोंडात घास होता, आणि तो त्याला सावकाश खायचा होता.