पाच निळ्या टोप्या

"मान हलवू नका हो! टोपी शिवतेय, फासाचा दोर नाही."

काकूंनी मापाची फीत काकांच्या डोक्याभोवती गुंडाळून तिचं टोक कानामागे दाबून धरलं होतं. काका खुर्चीत अंग चोरून बसले होते. मांडीवर उघडं पुस्तक होतं, पण मान खाली करायची परवानगी नसल्यामुळे ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"मला कशाला टोपी? मी आपला सावलीत बसेन."

"बेटावर सावली कुठून आणणार? खाली पाणी आणि वर ऊन. तुम्हीच वाचून दाखवलंत ना काल?"

वाचून दाखवलं होतं खरं. बेत ठरल्यापासून काकांनी वाचनालयातून बेटांवरची दोन पुस्तकं आणली होती. प्रवाळ कसं वाढतं, भरती-ओहोटी कशी होते, कुठल्या माशाला हात लावू नये, हे सगळं ते जेवताना काकूंना सांगत. त्यांचं गाव समुद्रापासून इतकं लांब होतं की दुकानातलं मीठ सोडलं तर समुद्राकडची कुठलीच गोष्ट तिथवर पोचली नव्हती.

काका नोकरीभर एका छापखान्यात प्रूफं तपासत आले होते. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबायची त्यांना सवय, म्हणून छापखान्यातल्या लोकांनी त्यांचं नाव 'स्वल्पविराम' ठेवलं होतं. काकांना ते नाव मनातून आवडायचं. पूर्णविराम म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं.

काकू घरी शिलाई करत. गल्लीतल्या लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बसवायच्या, असली बारीकसारीक कामं. कुणाच्या तरी पडद्यांचं निळं कापड उरलं होतं, त्यातून रुंद काठाच्या पाच टोप्या निघणार होत्या. मुलगा, सून, नात ठकू आणि हे दोघं.

"विमानतळावर चुकामूक व्हायला नको," काकू फीत गुंडाळत म्हणाल्या. "लांबून निळ्या टोप्या दिसल्या की समजायचं, ही आपली माणसं."

बेत मुलाने सांगितला होता. तो गावाच्या नव्या भागात राहायचा, दातांचा डॉक्टर होता, आणि बहुतेक रविवारी बायको-मुलीला घेऊन आईवडिलांकडे यायचा. अशाच एका रविवारी सासूसुना आत होत्या. मुलगा ठकूला मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसला होता.

"बाबा, हे बघा," म्हणून त्याने मोबाइल पुढे धरला. पाणी इतकं निळं, की काकांना ते छपाईत शाई जास्त झाल्यासारखं वाटलं. त्या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी खोल्या होत्या आणि खोलीच्या दारातून पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या.

"सुट्टीत आपण इथे जायचं," मुलगा म्हणाला. "सकाळी उठलं की दात घासायच्या आधी पाय पाण्यात! काय?"

"छान," काका म्हणाले. "फारच, छान." आणि चित्र नीट दिसावं म्हणून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

मुलगा गेल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं. काकूंचा विश्वास बसेना.

"आपण, म्हणाला?"

"आपण म्हणाला."

"नीट ऐकलंत ना?"

"अगं, जन्मभर शब्दच तपासत आलोय मी."

मग काय विचारता! काकूंच्या पोटात गोष्ट राहणं तसंही कठीणच. भाजीवालीला कळलं, इस्त्रीवाल्याला कळलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जाऊन तर त्यांनी विमानात पोटात ढवळू नये म्हणून गोळ्यांची चौकशीही करून ठेवली. त्यांना कधी मिरवायला काही मिळालं नव्हतं. काका नको म्हणाले नाहीत. ते स्वतःही वाचनालयात पुस्तक परत देताना ग्रंथपालाने विचारावं म्हणून मुखपृष्ठ वर करून ठेवत होते.

आठवडाभराने मुलाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "त्या ट्रॅव्हल्सवालीचे सारखे फोन येतात. ओळखपत्रांच्या झेरॉक्स हव्यात तिला. मला दवाखान्यातून हलता येत नाहीये."

'तुमच्याही द्या', असं तो म्हणाला नाही. कामाच्या गडबडीत विसरला असेल, असं काकांना वाटलं. पोराचा एक हेलपाटा तरी वाचवावा, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या आणि काकूंच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स काढल्या, घडी पडू नये म्हणून पुस्तकात ठेवल्या आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

ट्रॅव्हल्सचं ऑफिस वह्या-पेनांच्या दुकानाच्या माडीवर होतं. भिंतीवर समुद्राचं मोठं चित्र होतं आणि रोजच्या उन्हाने त्यातला समुद्र फिका पडला होता. चित्राखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'या, बेतांच्या स्वर्गात!' 'बेटां'तल्या ट चा त झाला होता आणि छापखान्यात तो कुणाच्या नजरेला पडला नव्हता. काकांच्या हाताची बोटं खिशातल्या पेनाकडे गेली आणि परत आली. दुसऱ्याच्या भिंतीवर कसं लिहिणार?

आत एकच गिऱ्हाईक होतं. कोपऱ्यावरचा औषधवाला, लेकीचं तिकीट बदलायला आलेला.

"या या, काका!" तो म्हणाला. "निघाली का स्वारी? काकू सांगत होत्या, पाण्यावर झोपणार म्हणे तुम्ही. रात्री उठलात तर जपून पाय टाका बरं का, आपल्या मोरीसारखं नाही तिथं!"

काका हसले. टेबलामागच्या मुलीसमोर बसले, मुलाचं नाव सांगितलं आणि पुस्तकातून कागद काढले.

"ह्या आमच्या दोघांच्या झेरॉक्स. आणि एक, विनंती होती. हिला खिडकीजवळची जागा मिळाली तर, म्हणजे, ती पहिल्यांदाच विमानात..."

मुलीने संगणकाकडे पाहिलं. मग कागदांकडे. मग पुन्हा संगणकाकडे.

"काका, सरांनी तिघांचंच सांगितलंय."

"हो, ते तिघं. आणि आम्ही..."

"नाही, म्हणजे एकूणच तिघं. दोन मोठे, एक लहान. त्या खोलीत चौथं माणूस घेतच नाहीत." तिचा आवाज हळू झाला. "तुमच्यासाठी दुसरी खोली बघू का? थांबा, मी सरांनाच फोन लावून विचारते."

"नको!"

आवाज जरा मोठाच निघाला. औषधवाल्याने वळून पाहिलं आणि लगेच भिंतीवरचं चित्र बघायला लागला. त्याचं ते चित्र बघणं काकांना सर्वांत जड गेलं.

"फोन नको," काका म्हणाले. "त्याला सांगूही नका मी आलो होतो ते. मी आपलं, सहज, बघायला आलो होतो, त्याचं काही राहिलंय का."

कागद पुन्हा पुस्तकात ठेवताना ते सरळ जाईनात. शेवटी घडी पडलीच.

जिना उतरून ते रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तो रविवार आता त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा आला, पण प्रूफासारखा, ओळीवर बोट ठेवून वाचावा तसा. मोबाइल त्यांच्यापुढे होता, हे खरं. पण 'आपण' म्हणताना मुलगा पाहत होता मांडीवरच्या पोरीकडे. 'काय?' हेही त्याने तिलाच विचारलं होतं. दात घासायचा कंटाळा कुणाला होता? 'आम्ही जाणार आहोत' असं वडिलांना सांगायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही, किंवा जिवावर आलं. त्यात त्याची काय चूक? त्याचा संसार, त्याची सुट्टी. शब्द बरोबरच होता. तो आपल्यासाठी आहे असं मानून बसलेला म्हातारा चुकला होता. आणि फुकटच्या सहलीला पेटी भरून बसलेला भिकारी म्हणून स्वतःला पाहताना काकांचे कान तापले.

आता मुलाला कळलं तर तो बिचारा दयेपोटी आणखी एक खोली घेईल. आणि हिला कळलं तर? सगळ्या गल्लीला सांगून बसलीय. हिने आता तोंड कुठे लपवायचं?

घरी पोचले तेव्हा मशीन चालू होतं. चौथ्या टोपीचा काठ काकूंच्या हाताखालून सरकत होता.

"ऐक ना," काका म्हणाले. "मी काही, येत नाही तिकडे."

मशीन थांबलं. "कुठे?"

"बेटावर. मला पाण्याची भीती वाटते."

"पाण्याची? रोज अंघोळ करता ना?"

"आणि विमानाची."

"एक काहीतरी ठरवा." काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "बरं, नका येऊ. राहा घरी पुस्तकं वाचत. मी जाईन त्यांच्याबरोबर."

हे काकांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"मग माझं, कसं व्हायचं? जेवणाचं? मला एकट्याला नाही जमत. तू जाऊ नकोस."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना हे खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं. गर्दीला भिऊन काका बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले नव्हते, म्हणून काकूही गेल्या नव्हत्या. छापखान्याच्या सहलीला ते ऐनवेळी आजारी पडले होते. आजचं खोटं खपलं ते त्या साऱ्या खऱ्याच्या जोरावर, आणि ते इतकं सहज खपावं याचीच काकांना लाज वाटली.

"आयुष्यभर तुमच्या भित्रेपणाची शेपटी धरून बसले मी," काकू हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "एकदा, फक्त एकदा वाटलं होतं..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पाचवी टोपी कापून ठेवलेली होती. ती त्यांनी तशीच मशीनखाली सारली.

दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी गुडघ्याचं मलम आणायला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. मलम आणलं नव्हतं. काकांना वाटलं, विसरल्या असतील. काकूंनी कापून ठेवलेली टोपी बाहेर काढली आणि मशीनवर बसल्या. काकांच्या पानात त्या दिवशी वाढणं नेहमीपेक्षा जास्त होतं.

रविवारी मुलगा, सून आणि ठकू आले. सून जरा अवघडलेली होती. मुलगा दोनदा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, आई, तुम्हाला सांगायचं होतं, सुट्टीचं ते..."

"अरे, माहीत आहे की," काकूंनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. पिशवीतून तीन निळ्या टोप्या काढून त्यांनी टेबलावर मांडल्या. "ह्या घ्या, उन्हाच्या. पाच शिवल्या होत्या. पण ह्यांना पाण्याची भीती वाटते म्हणे. तर आम्ही काही येत नाही बाबा. तुम्ही जाऊन या."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "आई, पण आम्ही तर..." ती म्हणाली, आणि नवऱ्याने तिच्या हातावर हात ठेवला तशी गप्प झाली.

मुलाने वडिलांकडे पाहिलं. पाच टोप्या म्हणजे काय, हे आता त्याला कळलं होतं. काका जमिनीकडे बघत होते आणि त्यांची बोटं शर्टाच्या शेवटच्या बटणाशी चाळा करत होती. मुलाच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. लाजेत तो अगदी वडिलांवर गेला होता.

"भीती कसली त्यात, बाबा," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही असतात तर... पुढच्या वेळी आपण जाऊ. आपण सगळे."

प्रूफात राहिलेला शब्द काका समासात लिहायचे आणि ओळीत खूण करायचे, इथे घाला. 'सगळे' हा शब्द मुलाने अगदी योग्य जागी घातला होता. फक्त पुस्तक छापून झालं होतं.

"बघू, बघू," काका म्हणाले.

ठकूला टोपी मोठी होत होती. ती काठ डोळ्यांवर ओढून खोलीभर आंधळ्यासारखी फिरली आणि सगळ्यांना हसायला जागा मिळाली. निघताना सुनेने वाकून काकूंच्या हातातली रिकामी पिशवी उगीचच घडी करून दिली.

ते गेल्यावर काकूंनी केस विंचरले, एक निळी टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि दुसरी काकांपुढे धरली.

"चला."

"कुठे?"

"बटाटे संपलेत."

"टोपी घालून? लोक काय म्हणतील?"

"ऊन आहे म्हणतील. शिवलीय ती काय खुंटीला टांगून ठेवायला?"

काकांनी टोपी घातली. माप घेताना त्यांनी मान हलवली होतीच; टोपी सैल झाली होती. रस्ता भर उन्हात होता. इस्त्रीवाल्याने इस्त्री थांबवून पाहिलं. दोन निळ्या टोप्या पुढे चालल्या होत्या. काकूंनी इतक्या वर्षांत भर रस्त्यात कधी धरला नव्हता तो काकांचा दंड धरला होता.

कोपरा जवळ आला. औषधवाला दुकानाच्या दारातच उभा होता.

"परवा गेले होते मी त्याच्याकडे," काकू समोर बघत म्हणाल्या. "बोलता बोलता निघालं त्याच्या तोंडून."

काकांची पावलं अडखळली. त्यांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण तिथे नेहमीचा स्वल्पविरामच आला आणि त्याच्यापुढे काही आलं नाही.

"काय काकू, कुठे निघालात?" औषधवाल्याने जपून विचारलं.

"बटाटे आणायला," काकू म्हणाल्या. "आम्ही दोघं."

दुकान मागे पडलं. काकांची हनुवटी हळूहळू छातीकडे उतरत चालली होती. टोपीचा काठ डोळ्यांपर्यंत आला तेव्हा काकूंनी त्यांचा दंड किंचित दाबला.

"मान वर ठेवा," त्या म्हणाल्या. "टोपी पडेल."