खलातला समुद्र

मी एक जुना अकीकाचा खल आहे, आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा शांत, सोशिक आणि क्षमाशील असतात. त्यांच्यात कुणी जवळा कुटलेला नसतो.

माझा जन्म लाव्ह्यात झाला. तुमच्या सह्याद्रीचा जो लाव्हा, तोच नर्मदेकाठी रतनपूरच्या टेकड्यांपर्यंत पसरला होता. तो थिजताना आत एक पोकळी राहिली आणि त्या पोकळीत मी थेंबाथेंबाने लाखो वर्षं साठत गेलो. मग खंबायतच्या एका कारागिराने मला दोन महिने घासलं. व्यापाऱ्याने माझ्या बुडाला ‘जर्मनीत बनवलेले’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला आफ्रिकेत कॅमेरूनला पाठवलं. तिथे फाको या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशी एक शिला संशोधन केंद्र आहे. दगडांची जन्मगावं शोधणं हे त्याचं काम. माझं जन्मगाव मात्र तिथे कुणीही विचारलं नाही. चिठ्ठी होती ना!

जन्मगाव शोधतात कसं, ते सांगतो. दगडात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो. त्याचे काही अणू हलके, काही जड. पृथ्वीच्या खोल पोटातून आलेल्या लाव्ह्यात त्यांचं प्रमाण ०.७०३ च्या आसपास असतं, समुद्रात ०.७०९ च्या. माणूस कपडे बदलतो, पण बोलण्यातून गाव जात नाही, तसंच हे. दगड माझ्यात कुटायचा, ती पूड फ्रान्समधल्या मोठ्या यंत्राकडे धाडायची, आणि यंत्र एक आकडा कळवतं. अट एकच: खल स्वच्छ हवा.

माझे सुखाचे दिवस इया एफोसींच्या हातचे. फाकोच्या लोकांत मोठ्या बाईला मानाने इया म्हणतात, पुरुषाला मोला. इया एफोसी मला आधी पांढऱ्या वाळूने घासत, मग आम्लाने, मग शुद्ध पाण्याने, आणि शेवटी पुन्हा शुद्ध पाण्याने. कुणी मला हात लावला तर विचारत, “का रे, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात आलायस का?”

इया निवृत्त झाल्या. प्रोफेसर मोलुआ प्रमुख झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पाडलं, आणि माझ्या तळाला केसाएवढी चीर गेली. त्यांनी बत्त्याला दोष दिला. मग मी त्यांच्या टेबलावर टाचण्यांचं भांडं झालो. तेही मी सोसलं असतं. पण केंद्राचं लाकडी उखळ कुणीतरी लग्नाला नेलं, ते परत आलं नाही. आणि प्रोफेसरांना दर शुक्रवारी उकडलेल्या अळकुड्यांबरोबर ठेचा लागे: मिरची आणि न्जांगा. न्जांगा म्हणजे सुका जवळा.

तो ठेचा माझ्यात कुटला जाऊ लागला. माझ्यात, ज्याने डोंगराचं वय पाहिलं!

कुटण्याचं काम शिपाई मोला एकेमा यांचं. माणूस भला. कुटून झालं की मला लिंबाने चोळायचे आणि कागदाने पुसायचे. वरून मी लख्ख. चिरेत मात्र जवळा.

याच काळात नामोंडो आली. संशोधन करणारी मुलगी. नव्याण्णव सालचा लाव्हा जिथून फुटला, तिथवर ती सहा वेळा चढली आणि पाठीवर दगड घेऊन उतरली. त्या दगडांत साखरेच्या दाण्याएवढे हिरवे खडे असतात. त्यांत स्ट्रॉन्शियम इतकं कमी, की चिमूटभर दुसरं काही मिसळलं तरी आकडा बिघडावा. भिंगाखाली एकेक खडा चिमट्याने वेचत तिने तीन वर्षांत चार चमचे जमवले. शुक्रवारी दुपारी जेवून प्रोफेसर झोपत, तेवढाच वेळ मी तिला मिळे.

“मोला, खल धुतलाय ना?”

“लख्ख! तोंड बघ हवं तर त्यात.”

तिने तोंड पाहिलं. चीर पाहिली नाही. मित्रांनो, माझा राग तिच्यावरही आहे.

फ्रान्सहून आकडा आला: ०.७०५८. डोंगरात समुद्र! प्रोफेसर खुर्चीवर चढले. फाकोच्या पोटात प्राचीन समुद्रतळ वितळतोय, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्याकडे मोठा प्रसंग असला की कापड छापतात. सहाशे वार निळं कापड छापलं गेलं. त्यावर डोंगर, मासे, प्रोफेसरांचा चेहरा आणि ०.७०५८. बायकांनी झगे शिवले, पुरुषांनी सदरे. नामोंडोचं नाव काठावर होतं. ते शिवणीत गेलं.

पुढे फ्रान्सवाल्यांनी अख्खे दगड मागवले आणि स्वतः कुटले. त्यांत समुद्राचा टिपूस नव्हता. त्यांनी विचारलं, पुडीत काय मिसळलंत?

प्रोफेसरांनी एका क्षणात उत्तर शोधलं. नामोंडो.

चौकशी बसली. तिघे सदस्य, तिघांच्या अंगात तेच निळे सदरे.

“ही मुलगी डोंगर चढलीच नाही,” प्रोफेसर म्हणाले. “समुद्रकाठचे खारे दगड उचलले, कुटले, पाठवले. माझ्या प्रयोगशाळेत धूळसुद्धा परवानगी घेऊन येते!”

“माझे गुडघे बघा, सर,” नामोंडो म्हणाली.

“गुडघे समुद्रावरही फुटतात.”

तिची पदवीची नोंदणी रद्द करायचा कागद तयार होता. फक्त सही बाकी. मी टेबलावर, पोटात टाचण्या. ओरडता आलं असतं तर काचा फुटल्या असत्या.

तेवढ्यात दार उघडलं. नामोंडो आदल्या दिवशी ज्यांच्याकडे रडून आली होती, त्या इया एफोसी हातात किटली घेऊन उभ्या होत्या.

“चौकशी चालू आहे, इया,” प्रोफेसर म्हणाले.

“चालू दे की. मी खलाला भेटायला आले.” त्यांनी टाचण्या प्रोफेसरांच्या पुढ्यात ओतल्या, माझ्यात गरम पाणी घातलं आणि शांतपणे खुर्चीत बसल्या.

वाफ निघाली. केंद्रात एक मांजर आहे, नाव मिनिस्टर, कारण जेवणाला बरोबर हजर होतं. ते कपाटावरून उडी मारून आलं, त्या नोंदणीच्या कागदावर चालत गेलं आणि माझ्यात तोंड घातलं. तोंड भाजलं, पाणी कागदावर सांडलं, तरी ते हलेना. मग वास सदस्यांपर्यंत पोचला.

“न्जांगा,” एक सदस्य म्हणाला. त्याला भूक लागलेली दिसली.

“मोला एकेमा!” इयांनी हाक मारली. “यात काय कुटतोस?”

एकेमांनी प्रोफेसरांकडे पाहिलं, मग नामोंडोकडे. “दगड इया नामोंडोचे,” त्या मुलीला मान देत ते म्हणाले, “आणि ठेचा साहेबांचा. दर शुक्रवारी. साहेबांना बारीक लागतो.”

“म्हणजे समुद्र डोंगरात नव्हता, प्रोफेसर,” इया म्हणाल्या. “तो तुमच्या ताटात होता.”

“धुतलाय का ते मी स्वतः बघायला हवं होतं,” नामोंडो म्हणाली. हे तिने कुणी न विचारता सांगितलं. तेवढ्यापुरतं मी तिला माफ केलं.

कागद फाडावा लागला नाही. मिनिस्टरने तो आधीच भिजवला होता. नामोंडो सातव्यांदा डोंगर चढली, पुन्हा चार चमचे वेचले, नव्या खलात कुटले. आकडा आला ०.७०३३. फाको जसा होता तसाच निघाला. तिला पदवी मिळाली. त्या आकड्याचं कापड कुणी छापलं नाही. प्रोफेसर अजून प्रमुख आहेत. लिहून ठेवा, मी का रागावलेलो आहे.

आणि मी? माझ्यावर लाल रंगाने ‘बाद’ लिहिलं आणि एकेमांनी मला घरी नेलं. आता माझ्यात रोजच न्जांगा कुटतात. पण एकेमांची बायको मला दिवसातून तीनदा धुते, चीर काडीने कोरून. “पोरं जेवतात यात,” म्हणते. मित्रांनो, विज्ञानाने मला कधीच एवढं धुतलं नव्हतं, इया एफोसींचा काळ सोडून.

कुणाचं मूळ शोधायला निघालात, तर आधी आपलं भांडं धुवा. स्वतः धुवा. मग उजेडात धरून चीर बघा.

धुऊन झालं की एकेमांची बायको मला एका निळ्या फडक्याने पुसते. त्यावर अर्धा मासा, प्रोफेसरांचा एक डोळा आणि ०.७०५८ आहे. रंग पक्का आहे. जाता जात नाही.