तीन म्हणजे तीन

“एक… दोन…”

पट्टी निघाली. खाटेवरचे आजोबा कळवळले, मग ओशाळून हसले. “तीन कुठं गेलं रे, ब्रदर?”

“तीनला तुम्ही अंग आवळता, आजोबा. मग जास्त दुखतं.”

जळालेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंग त्याच्याकडे. सगळ्यांचा तो ब्रदर. बारा वर्षांत दोनच्या पुढं त्यानं कधी मोजलं नव्हतं.

ड्यूटी संपली की कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे बदलायचे, दिवसभराच्या किंकाळ्या लॉकरमध्ये कोंडायच्या आणि किल्ली फिरवायची. मोठ्या सिस्टर चिडवायच्या, “आमचे पेशंट घरी जेवायला येतात बाबा. तुझे बरे गुमान लॉकरमध्ये झोपतात.” त्याला आतून बरं वाटायचं. आपल्याला हे जमतं.

आज घरी आला तर सात वर्षांची लेक गुडघा धरून बसलेली. परवा सायकलवरून पडली होती, पट्टी बदलायची होती.

“आण पाय इकडं.”

“नको. आई काढेल.”

“अगं, मी दिवसभर हेच करतो.”

“म्हणूनच नको. तू खोटं मोजतोस.”

तो हसायला गेला, पण ती हसत नव्हती. बायको ओट्यापाशी कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “मागं हिचा काटा काढताना दोनवरच ओढलास ना. तेव्हापासून दाताच्या डॉक्टरकडंही तुझ्याबरोबर नको म्हणते. बाबा फसवतो म्हणे.”

बायको चिडून बोलली असती तर परवडलं असतं.

तीनला अंग आवळतं गं, बाळा. वाक्य ओठांवर आलं. वॉर्डातलंच, जसंच्या तसं. त्यानं ते गिळलं आणि फरशीवर मांडी घातली.

“तीन म्हणजे तीन.”

तिनं बराच वेळ त्याचं तोंड न्याहाळलं. मग पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

“एक.”

तिची नजर गुडघ्यावर नव्हतीच, त्याच्या बोटांवर होती.

“दोन.”

बोटं सवयीनं वळवळली. त्यानं श्वास धरला, बोटंही धरून ठेवली.

“तीन.”

तोवर तिनं अंग आवळलंच होतं. दुखलं, त्याला ठाऊक होतं तेवढं सगळं दुखलं. ती भोकाड पसरून रडली.

पाय मात्र तिनं मांडीवरून काढला नाही.