चांगुणाबाईंचं लाखभर पुण्य

तिसगावच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो टाळ्या पिटत नाम घेत होता आणि मधूनच मनगटाकडे चोरून पाहत होता. प्रत्येक मनगटावर स्पंदनबाबांनी दिलेला काळा पट्टा होता आणि टाळीगणिक त्यावरचा आकडा चढत होता. आकडा म्हणजे पुण्य. बाबा सांगत, की हे यंत्र हिमालयातल्या गुहेत बारा वर्षांच्या तपाने सिद्ध झालंय, त्याला आत्म्याची थरथर कळते. चार्जिंगला मात्र गावातलीच लाईट लागे, आणि ती गेली की पुण्यही बंद पडे.

धनश्रीला या पुण्याचा राग येई, त्याचं कारण घरातच होतं. तिच्या सासूबाईंचा, चांगुणाबाईंचा डावा पाय अर्धांगवायूने लुळा पडला होता. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या पंकजा मॅडमनी बजावलं होतं, की रोज भिंत धरून चालायचंच. सुरुवातीचे महिने हातचे गेले तर पाय वळणावर येणं अवघड. बाबांनी उलटंच सांगितलं. पाय देवाच्या हवाली करा, हलवू नका, बसून टाळ्या वाजवा. लाख पुण्य भरलं की पाय आपोआप धावेल. तीन आठवडे सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. पोटरी वाळत चालली होती आणि धनश्रीचा जीव तिळतिळ तुटत होता.

पट्टा क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही, पुण्य सांडतं, असा बाबांचा दंडक. म्हणून सासूबाई न्हाणीत गेल्या की तो सुनेच्या हातात. एका सकाळी धनश्रीने त्याच हाताने घरादाराच्या भाकरी थापल्या. देवाचं नाव काही तोंडात आलं नाही, उलट ओल्या सरपणाला चार शिव्याच घातल्या. तरी टोपलं भरेपर्यंत नऊशे पुण्य वाढलं. ती चपापली, मग हसली. त्या दुपारपासून सासूबाईंचा डोळा लागला की पट्टा गोठ्यात म्हशीच्या शेपटीला जाऊ लागला. माशा मुबलक होत्या. उठल्यावर सासूबाई आकडा बघून हरखायच्या आणि झोपेतही आपलं नाम चालतं, असं शेजारणींना सांगायच्या.

पुढच्या सत्संगात बाबांनी मोबाईलवरून यादी वाचली. सगळ्यांत आधी लाख गाठलेल्या माऊली, चांगुणाबाई. "उठा माऊली, पाय मोकळा झाला." बाई डोळे मिटून उठल्या. पाय जागचा हलला नाही. त्या कोसळणार, तोच धनश्रीने त्यांना कवेत धरलं. आपल्याच गमतीने हा दिवस लवकर आणला, या विचाराने तिला रडू फुटलं.

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"श्रद्धेचं मला ठावं न्हाई," धनश्री डोळे पुसत म्हणाली, "पन त्यातलं चाळीस हजार आमच्या म्हशीच्या शेपटीचं हाय."

अख्खा मांडव पोट धरून हसला. बाबा घाईघाईने गोमातेचा महिमा सांगू लागले.

"म्हैस हाय, महाराज," सासरे सहादेव मागून शांतपणे म्हणाले.

धनश्रीने पट्टा सासूबाईंच्या लुळ्या पायाच्या घोट्याला बांधला आणि सगळ्यांना नाम घ्यायला लावलं. अख्खा मांडव गर्जला, आकडा ढिम्म. मग तिने भाकरीचं सांगितलं. पंकजा मॅडमकडेही असाच पट्टा होता, रोग्यांची पावलं मोजायला. त्यांनीच सांगितलं होतं, की आत यंत्राचा नखाएवढा तुकडा असतो आणि त्याला फक्त हिसका कळतो. हात कुणाचा, शेपटी कुणाची, ओठांवर नाम की शिवी, हे त्या बापड्याला काय ठाऊक? दिवस मावळायच्या आत बाबांची जीप गेली. चार्जर तेवढे राहिले.

आकडा खराच होता, त्याला दिलेलं नाव तेवढं खोटं. कुणी आकडा दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढं विचारावं, की बाबा रे, हे यंत्र मोजतं तरी काय?

दुसऱ्या सकाळी चांगुणाबाईंनी भिंत धरली. ओसरीच्या टोकाला पोचेपर्यंत त्या घामाघूम झाल्या. घोट्यावरच्या, शून्यापासून पुन्हा सुरू केलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "किती झाले?"

"एकोनीस, आत्याबाई."

"म्हशीच्या मानानं काईच न्हाई," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पन माजे हायेत. चल, फिरव मला माघारी."