एकशे बाराव्या पानावरची चूक

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आहे. कळंबच्या एका अभ्यासिकेत, खिडकीजवळच्या कपाटात मी राहतो. माझ्यावर खाकी कव्हर आहे, कोपरे झिजले आहेत. आणि माझ्या एकशे बाराव्या पानावर एक चूक आहे. तिनं मला अकरा वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. संगणकावर पानं जुळवणाऱ्या माणसाला त्या दिवशी घाई होती. 'वाक्यातली चूक ओळखा' या पानावर एक वाक्य होतं, 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह इन सोलापूर.' त्याच्याखाली उत्तर म्हणून छापलं गेलं, 'चूक नाही'. कुणी तपासलं नाही. पानं शिवली गेली आणि मी दुकानात आलो.

पण माझ्याच एकतिसाव्या पानावर नियम आहे की 'वन ऑफ'नंतरचं नाम अनेकवचनी असतं, क्रियापद मात्र एकवचनी. म्हणजे 'लिव्ह'च्या शेवटी 'एस' हवा होता. माझ्या पोटातली दोन पानं एकमेकांना खोटं पाडत होती, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

मला विकत घेतलं धोंडप्पा सरांनी. हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर ते अभ्यासिकेत रोज सकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना इंग्रजी शिकवत. "इतकं नेमकं पुस्तक दुसरं न्हाय," असं ते प्रत्येक नव्या मुलाला सांगत. माझं कौतुक ऐकून मला सुख वाटायला हवं होतं. मी मात्र पानं मोजत बसायचो. शंभर आलं, एकशे पाच आलं, की माझी घालमेल सुरू व्हायची. एका पावसाळ्यात ओल येऊन ते पान शेजारच्या पानाला चिकटलं. मला वाटलं, सुटलो. सरांनी पट्टी घालून ते हळूच मोकळं केलं आणि उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. तीस वह्यांत ते उतरवलं गेलं.

त्यातली एक वही बसवेशची होती. मन लावून अभ्यास करणारा मुलगा. कारकुनाची परीक्षा देऊन आला आणि निकालानंतर दिसेनासा झाला. पुढं कळलं की तो बाजारात पंखे-मोटारी दुरुस्त करतो.

मग गेल्या वर्षी शिवानी आली. रोज एसटीनं येणारी, कमी बोलणारी. एके सकाळी तिनं मला उघडलं, एकशे बारावं पान वाचलं, मागं जाऊन एकतिसावं वाचलं, पुन्हा पुढं आली. तिचं बोट दोन पानांत अडकलं होतं. माझा जीव त्या बोटाखाली होता.

वर्ग भरला तेव्हा ती उभी राहिली. बसवेश त्याच दिवशी अभ्यासिकेचा पंखा दुरुस्त करायला आला होता. तो स्टुलावर चढलेला होता.

"सर, एकशे बाराव्या पानावरचं उत्तर चुकलंय," शिवानी म्हणाली.

"छापलेलं हाय ते. अकरा वर्षं शिकवतोय मी. खाली बस."

ती बसली नाही. "सर, आपण मराठीत काय म्हणतो? माझ्या मैत्रिणींपैकी एक सोलापूरला राहती. 'राहत्यात' कुणी म्हणत न्हाय. एकतिसाव्या पानावर बी हेच लिहिलंय."

सरांनी मला हातात घेतलं. दोन्ही पानं वाचली. तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला.

"सर, परीक्षेत मला असंच वाक्य आलं होतं," बसवेश म्हणाला. "चूक न्हाय म्हणून खूण करून आलो. एका मार्कानं राहिलो."

"मला कधी सांगितलं न्हाईस?"

"मला कुठं ठावं होतं सर, कुठं चुकलं ते. आत्ता कळलं."

सरांनी पेन काढलं, 'चूक नाही' हे शब्द खोडले आणि शेजारी बरोबर उत्तर लिहिलं. पेनाचं टोक कागदात रुतलं, मला दुखलंही.

"माझ्यामुळं झालं रं हे," ते म्हणाले.

"तुमच्यामुळं कसं, सर? पुस्तकात होतं."

"पुस्तकाला डोळे न्हाईत. मला हायत."

त्या दुपारी सरांनी जुन्या हजेरीतून नंबर काढून एकेकाला फोन लावला. तुळजापूरजवळच्या गावात शिक्षिका झालेली मोनिका म्हणाली, "मी पोरांना तेच शिकवलंय, सर. उद्या पहिल्या तासाला सुधारते."

परीक्षेच्या वयोमर्यादेत बसवेशची अजून दोन वर्षं शिल्लक होती. सरांनी त्याला पुन्हा अर्ज भरायला लावला. दुकान उघडायच्या आधी तो वर्गात येऊ लागला. यंदाच्या परीक्षेत शिवानीची निवड झाली. बसवेश चार मार्कांनी राहिला. सरांनी त्याची उत्तरं एकेक करून ताडून पाहिली; माझ्यामुळं एकही मार्क गेला नव्हता. त्यानं पुढचा अर्ज भरला आहे.

मित्रांनो, माझी तगमग अजून थांबलेली नाही. माझ्यासोबत छापलेली भावंडं कुठं कुठं गेली असतील. आज सकाळीही एखाद्या वर्गात कुणी ते उत्तर वहीत उतरवत असेल. तुमच्या हाती आमच्यातलं कुणी लागलं तर कव्हर घाला, ओलीपासून जपा. पण पेन्सिल घेऊनच वाचायला बसा. उत्तर पटलं नाही तर नियम उघडून बघा, आणि उभं राहून विचारा. आम्हा पुस्तकांना स्वतःची चूक स्वतः खोडता येत नाही.