रतिबाचा रस्ता

पुण्याच्या पेठा आपल्याला पाठ आहेत असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दामू तसं सांगत फिरत नसे, कारण त्याबद्दल कुणाला शंका असेल हेच त्याच्या डोक्यात येत नसे. पौड रस्त्यावरच्या कासार आंबोलीहून सायकलला दुधाचे दोन कॅन लावून सत्तावीस वर्षं त्यानं पेठांत रतीब घातला होता. बावन्न घरं. कुठल्या जिन्याची कितवी पायरी हलते आणि कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पुढे रस्त्यावर डंपर वाढले, एकानं त्याला भूगावजवळ सायकलीसकट शेतात उडवलं, आणि त्याची बायको चंद्रकला हिनं दुसऱ्याच दिवशी म्हशींना गिऱ्हाईक बघितलं. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे, दामूचं तर नाहीच.

तेव्हापासून तीन वर्षं तो गावातल्याच एका बंगल्याच्या फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होता. मालक शनिवार-रविवारी येत. उरलेले दिवस राखण कसली, तर बंद कुलपाची. बसून बसून माणसाला गंज चढतो, असं दामूचं मत झालं होतं आणि ते खरंच होतं.

अशात एका शनिवारी मालकांकडे उत्कर्षा आली. मूळची अमरावतीची, हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत, राहायला बावधनला. नुकतंच तिनं रविवारी सकाळी लोकांना सायकलवरून पुणं दाखवायचं सुरू केलं होतं. सायकली तिच्या, माहिती सांगणारा गाइड तिचा. तो गाइड नेमका बंगलोरला निघून गेला होता. दामूनं मालकांच्या ड्रायव्हरला नारायण पेठेतला पत्ता ज्या थाटात सांगितला, तो ऐकून ती थबकली.

"काका, एक रविवार करून बघाल? जमलं तर काम तुमचंच."

"जमलं तर म्हंजी?" दामू म्हणाला. "जमतंच की."

आणि रविवारी सकाळी सहाला तो बावधनला हजर झाला, स्वतःच्या जुन्या काळ्या सायकलवर. गियरच्या सायकलीकडे त्यानं शहरातल्या जावयाकडे बघावं तसं बघितलं. उत्कर्षानं त्याच्या हातात एक कार्ड दिलं. लाल महाल, शनिवारवाडा, मग कसबा गणपती, पुढं तुळशीबाग. शेजारी साल आणि दोन-दोन ओळी. दामूनं कार्ड वाचलं, नीट घडी घातली आणि खिशात ठेवून दिलं. सहाजण आले होते, सगळे नोकरीसाठी पुण्यात येऊन राहिलेले. त्यांतला लातूरचा कौस्तुभ सगळ्यांत बोलका. चार वर्षं पुण्यात होता, पण ऑफिस आणि फ्लॅट यांपलीकडचं पुणं त्यानं फक्त रिक्षातून पाहिलं होतं.

चांदणी चौकाचा उतार, पौड रस्ता, कर्वे रस्ता, लकडी पूल. दामू पुढं, बाकीचे मागं. पाय पेडलवर पडले आणि त्याच्या अंगात जुनी लय आली. आज काम मिळालं की उद्यापासून ती खुर्ची ज्याला हवी त्यानं घ्यावी, एवढाच विचार त्याच्या मनात होता.

पेठेत शिरल्यावर मात्र गंमत सुरू झाली. दामू आधी सदाशिव पेठेतल्या एका बोळात थांबला. "हितं बाळंतीण होती. रोज दोन लिटर. त्ये बाळ आता कॉलेजात जात असंल." तिथून सगळ्यांना घेऊन अप्पा बळवंत चौक ओलांडून शनिवार पेठेत. "हे गाणं शिकवणारे मास्तर. दुधावर साय दिसली न्हाई तर असे चिडायचे, माझ्या तोंडचं पाणी पळायचं बगा." तिथून परत फिरून चौक ओलांडून नारायण पेठ. मग पुन्हा चौक. शनिवारवाड्याची भिंत एकदा उजव्या हाताला दिसली. दामूनं तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

चौथ्यांदा तोच चौक आला तेव्हा कौस्तुभनं ब्रेक दाबला. "काका, हे पुस्तकांचं दुकान मला आता ओळखायला लागलंय."

सगळे हसले, उत्कर्षा सोडून. ती सायकल टेकवून जवळ आली. "दामूकाका, कार्ड कुठंय? आपण गोल गोल का फिरतोय?"

दामूनं खिशातलं कार्ड चाचपलं. चूक कुठं झाली ते त्याला स्वतःलाच आत्ता कळत होतं. "ताई, पाय रतिबाच्या रस्त्यानं चालले," तो म्हणाला. "रतीब घराच्या अंतरावर नसतो, उठायच्या वेळंवर असतो. जो आधी च्या पितो, त्याचं दूध आधी. मंग घर कुटं का असंना. बाळंतिणीचं दोन नंबर, मास्तरांचं तीन..."

"आणि एक नंबर?" कौस्तुभनं विचारलं.

दामू हँडलवरच्या घंटीकडे बघू लागला. सकाळपासून न अडखळलेला माणूस अडखळला. "त्ये घर आज ऱ्हाऊ द्या."

"का?"

खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "रतीब बंद करायचा तर आधी सांगावं लागतं. मी कुणालाच सांगितलं न्हाई. बावन्न घरी जाऊन आता येत न्हाई म्हणायचं, माझी छाती झाली न्हाई. एक दिस आलोच न्हाई, झालं. बाकीच्यांचं चालून जातं. पर अण्णासाहेब साडेचारला पातेलं घिऊन दारात उभे असायचे. त्यांच्या म्होरं जायाची मला लाज वाटती."

उत्कर्षानं घड्याळ पाहिलं, मग त्या सहाजणांकडे पाहिलं. कुणालाच आता शनिवारवाडा नको होता, ते तिला दिसत होतं. "चला," ती म्हणाली. "एक नंबर दाखवा."

घर लांब नव्हतं. जुन्या इमारतीच्या जागी नवी उभी राहिली होती, पण पहिल्या मजल्यावर पाटी तीच होती. दार अण्णासाहेबांच्या पत्नीनं, सुलक्षणाबाईंनी उघडलं. त्यांनी दामूला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि आत तोंड करून म्हणाल्या, "अहो, बाहेर या. दामू आलाय."

अण्णासाहेब काठी टेकत आले. वय चौऱ्याऐंशी, आवाज मात्र अजून शाळामास्तराचा.

"जिवंत आहेस तर."

"व्हय," दामू म्हणाला.

"चार दिवस पातेलं घेऊन बसलो होतो. पाचव्या दिवशी हिला म्हटलं, दामू गेला. जिवंत असता तर न सांगता राहिला नसता. तुझ्या नावानं आंघोळ केली मी, थंड पाण्यानं. डिसेंबरात."

कौस्तुभला हसू आवरेना, पण दामूच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तो गप्प झाला. दामूनं वाकून पाय धरले. "चुकलं, अण्णासाहेब. सांगाया पायजे हुतं."

"ऊठ. ही मंडळी कोण?"

"ह्यांना पुणं दाखवतुया."

"आणि माझ्या दारात आणलंस?" अण्णासाहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. "बरं केलंस. या, बसा. नावं सांगा एकेकानं."

सुलक्षणाबाईंनी पिशवीच्या दुधाचा चहा केला आणि दामूच्या दुधासारखा तो होत नाही, हे सगळ्यांना ऐकवलंही. कौस्तुभ कुठला, घरी कोण कोण, पुण्यात जेवतो कुठं, सगळी चौकशी झाली. चार वर्षांत पुण्यात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. निघताना अण्णासाहेबांनी काठी दारात आडवी धरली.

"मागच्यासारखं नको. आता पुन्हा येणार आहेस की नाही, ते सांगून जा."

ते दामूच्या हातात नव्हतं. त्यानं उत्कर्षाकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं.

"येतील," उत्कर्षा म्हणाली. "दर रविवारी. आम्ही सहाला निघतो, म्हणजे सातपर्यंत तुमच्याकडे."

"सातला न्हाई, ताई," दामू पायताण घालत म्हणाला. "साडेचारला. बावधनातनं साडेतीनला निघायचं."